विषय: 'लाइफ ऑफ पाय' नाटकाची तिकिटं – स्टॉल्स की वर?

मीनल:
मंडळी, शुक्रवारपर्यंत आकडा कळवला नाही तर धरलेल्या जागा सुटतील. खाली स्टॉल्स की वर सर्कल, एकच काय ते सांगा. निम्मे खाली, निम्मे वर केलं तर ग्रुपचा दर मिळत नाही. कोजागिरीचे पैसे राहिलेत त्यांनी आधी ते द्या.

प्रमोदकाका:
स्टॉल्स, आणि पुढचीच रांग. घाणेकरांचा 'गारंबीचा बापू' मी दुसऱ्या रांगेतून पाहिलाय. कादंबरी पेंडशांची, नाटकही त्यांचंच. माडीवर बसून नाटक बघायचं तर घरी टीव्ही काय वाईट?

सुजाता:
काका, पाय नावाचा मुलगा समुद्रात वाघाबरोबर बोटीत अडकतो, तो समुद्र इथे जमिनीवर आहे हो! लाटा, मासे, सगळं प्रकाशाने स्टेजवर पाडलेलं. पुढच्या रांगेतून नुसती बोटीची कड दिसेल. 2019 मध्ये शेफील्डला क्रुसिबल थिएटरमध्ये पाहिलं तेव्हा प्रश्न नव्हता, तिथे तीन बाजूंनी उतरत्या रांगा आहेत. आपल्या थिएटरचे स्टॉल्स जवळजवळ सपाट. वाघ मात्र कुठूनही बघा, मोठी बाहुलीच आहे ती. तो चालवणाऱ्या सात जणांना 2022 मध्ये मिळून सहाय्यक अभिनेत्याचं ऑलिव्हिए पारितोषिक मिळालंय.

निखिल:
क्रुसिबल म्हणजे स्नूकरवालं ना? मी तिथे फक्त फायनल पाहिलीय.
बाकी, पुस्तकात पायला भाऊ आहे रवी. नाटकात बहीण राणी कशाला? उगाच.

अर्चना:
निखिल, उगाच नाही. पुस्तकात पाय पानंच्या पानं एकटा आहे. स्टेजवर तेवढा वेळ एकट्याचं कोण ऐकणार? नाटक लिहिणाऱ्या लोलिता चक्रबर्तींनी, पाय वाचल्यावर जिथे असतो ती मेक्सिकोतली हॉस्पिटलची खोली सुरुवातीलाच आणलीय, आणि घरची माणसं त्याला बोटीवरही दिसतात. मला तर सिनेमापेक्षा हे जास्त पटलं. फक्त तरस झेब्र्याला फाडतो तिथे माझा धाकटा माझ्या ओढणीत शिरला होता. लहान मुलं आणणाऱ्यांनी विचार करा.

प्रमोदकाका:
बहीण चालेल. पण वर जायला जिने किती?

मीनल:
लिफ्ट आहे काका, मी विचारलंय. मध्यंतरात वडे मिळणार का, असं तिघांनी मला वेगळं लिहून विचारलंय. बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत, गेल्या वेळचा प्रकार पुन्हा नको. सर्कल बुक करतेय.

दिलीप (खजिनदार):
करतेय म्हणजे? मंडळाच्या खात्यातून माझ्या सहीशिवाय पैसे निघत नाहीत. आधी यादी पाठव, कोजागिरीच्या थकबाकीसकट.