व्हॉल्व्ह बदलल्यावर इएफ उलट कमी झाला

प्रश्न
बाबांचा (वय ६७) हृदयातला अ‍ॅओर्टिक व्हॉल्व्ह कित्येक वर्षं गळत होता. नऊ दिवसांपूर्वी बदलला. ऑपरेशनआधी इएफ (दर ठोक्याला हृदयाच्या डाव्या कप्प्यातलं किती टक्के रक्त बाहेर पडतं तो आकडा) ६० होता, कालच्या टूडी इकोत ४७ आलाय. गळती थांबल्यावर पंपिंग सुधारायला हवं ना? त्यांना स्वतःला बरं वाटतंय, पण तो आकडा पाहिल्यापासून माझा जीव थाऱ्यावर नाही.

उत्तर १
ताई, मी इको करते, हा प्रश्न जवळजवळ रोज ऐकते. आधीचा ६० फसवा होता. समजा, डाव्या कप्प्यात २०० मिली रक्त भरायचं आणि ठोक्याला १२० बाहेर पडायचं. झाले ६० टक्के. पण त्यातलं ५० परत आत गळायचं, म्हणजे शरीराला मिळायचं ७०. आता कप्प्यात १५० भरतं, ७० बाहेर पडतं आणि सगळं पुढेच जातं. टक्केवारी ४७, पण शरीराला रक्त तेवढंच मिळतं आणि हृदयाची बरीच मेहनत वाचते. दोन्ही रिपोर्टमधला एलव्हीआयडीडी (रक्ताने भरलेल्या डाव्या कप्प्याची रुंदी, मिमीमध्ये) बघा. तो कमी झाला असेल तर कप्पा आकसू लागलाय. हे आकसणं बरंचसं पहिल्या दोन आठवड्यांतच होतं, इएफ मात्र सावकाश, काही महिन्यांत वर येतो.

उत्तर २
माझा ५५ वरून ४४ वर आला होता. सहा महिन्यांनी ५६. पण खरं सांगतो, सगळ्यांचं असं होत नाही. आधीच बराच काळ स्नायू दमलेला असेल तर पूर्ण भरून येत नाही. म्हणूनच त्रास नसला तरी इएफ घसरला किंवा कप्प्याचं आकुंचनानंतरचं माप ५० मिमीच्या वर गेलं की डॉक्टर ऑपरेशनचा आग्रह धरतात. मी दोन वर्षं टाळलं, ते टाळायला नको होतं. बाबांच्या गोळ्या मनाने बंद करू नका. वजन झपाट्याने वाढलं, पाय सुजले, आडवं झाल्यावर दम लागला किंवा ताप आला तर पुढच्या तारखेची वाट न बघता लगेच दाखवा.

प्रश्नकर्ती
बघितलं! एलव्हीआयडीडी ७२ होता, आता ६१. बीपी १५६/४८ असायचं, आज १२४/७२. आणि एक गोष्ट तुमचं वाचल्यावर लक्षात आली. पेपर वाचताना बाबांची मान प्रत्येक ठोक्याला बारीक हलायची, आम्ही ती सवयच समजायचो. आज सकाळी शेजारी बसून बराच वेळ बघत होते. मान अजिबात हलत नव्हती.