वंशावळ वॉर्डातही लागते
एमबीबीएसमधलं जेनेटिक्स पहिल्या वर्षी पाठ करायचं आणि विसरायचं, असं काहीजण म्हणतात; ते मला अजिबात पटत नाही. तुकड्यातुकड्यांत शिकवतात हे मात्र खरं. थोडं अ‍ॅनाटॉमीत, थोडं बायोकेमिस्ट्रीत. मी इंदूरला शिकले. इथे झाबुआ-अलीराजपूरकडची सिकलसेलची, म्हणजे लाल रक्तपेशी विळ्यासारख्या वाकड्या होणाऱ्या आनुवंशिक आजाराची मुलं येतात. बीटा ग्लोबिन या हिमोग्लोबिनमधल्या प्रथिनात सहाव्या जागी ग्लुटामिक अ‍ॅसिडऐवजी व्हॅलिन हे अमिनो आम्ल, हे परीक्षेतलं वाक्य वॉर्डात हातपाय सुजून रात्रभर रडणारं पोर होऊन समोर येतं. आईवडील दोघेही वाहक (स्वतः आजारी नसले तरी सदोष जनुक बाळगणारे) असले की धोका 25 टक्के, आणि तो प्रत्येक गर्भारपणात नव्याने. ‘एक आजारी झालं, आता पुढची तीन सुटली’ हा समज काढायला मला फार वेळ लागतो, आणि तो द्यायलाच हवा.

अजून एक गोष्ट. वंशावळ काढताना आपली नाती फार उपयोगी पडतात. इंग्रजीत सगळ्याच आंटी! हिमोफिलियाच्या (रक्त नीट न गोठण्याच्या आजाराच्या) मुलाला सदोष जनुक असलेलं एक्स गुणसूत्र आईकडून मिळतं, म्हणून मी आधी मामा आणि मावसभाऊ विचारते, आतेभाऊ नाही. फक्त आईवडील आते-मामे भावंडं नाहीत ना, हे आधी विचारून घ्यायचं, कारण तसं असेल तर वडिलांकडचे नातेवाईक आईकडचेही असतात.