हवेत आणि अवकाशात उडणारं लढाऊ यान: ताबा नेमका कुठे बदलतो?

कथाकुतूहल:
दिवाळी अंकासाठी विज्ञानकथा लिहितोय. त्यातलं लढाऊ यान 'ससाणा' दोन आसनी आहे, रिकामं वजन १२ टन, इंधन-शस्त्रांसकट २२ टन. ओझरच्या धावपट्टीवरून विमानासारखं उडतं, पृथ्वीच्या कक्षेत जाऊन लढतं आणि परत धावपट्टीवर उतरतं. इंजिन सध्याच्याच तंत्राचं ठेवायचंय, जादू नको. प्रश्न असे:
१. १०० किमीवर पंखांचा ताबा सोडून थ्रस्टर (वायूचा झोत सोडून यान वळवणारी छोटी इंजिनं) चालू केले तर चालेल का?
२. शत्रू मागे लागला की एका सेकंदात उलटं फिरून त्याच्यावर गोळ्या झाडता येतील का?
३. अवकाशात पंख बिनकामाचेच का?

अभ्रबाण:
पहिल्याचं उत्तर देतो. १०० किमी ही नोंदींच्या सोयीची रेषा आहे. पंखाला उंची कळत नाही, त्याला कळतो गतिज दाब: हवेची घनता गुणिले वेगाचा वर्ग, त्याचं निम्मं. ८० किमीवर घनता घनमीटरला साधारण ०.००००१८५ किलो. ससाणा तिथे कक्षेतून परतताना सेकंदाला ७.७ किमी वेगाने येत असेल तर दाब ५५० पास्कलच्या आसपास. तोच ससाणा सेकंदाला १ किमी वेगाने खालून चढत तिथे पोचला असेल तर जेमतेम ९ पास्कल. उंची तीच, पण पहिल्या वेळी एलेव्हॉन (पंखांच्या मागच्या कडेचे हलते पट्टे) थोडंफार ऐकतात, दुसऱ्या वेळी दांडा हलवणं आणि न हलवणं सारखंच.

अमेरिकेच्या स्पेस शटलमध्ये परतीच्या वाटेवर ताबा एका झटक्यात बदलत नसे. रोलचे (कुशीवर कलवणारे) थ्रस्टर सुमारे ४८० पास्कलला बंद, पिचचे (नाक वर-खाली करणारे) १,९०० च्या आसपास, आणि यॉचे (नाक डावी-उजवीकडे वळवणारे) मात्र थेट ध्वनीच्या वेगापर्यंत चालू. कारण साधं: नाक ४० अंश वर धरून यान खाली येतं तेव्हा उभं शेपूट धडाच्या आडोशाला जातं, रडरला, म्हणजे शेपटीवरच्या सुकाणूला, वाराच लागत नाही. ससाण्याला एकच उभं शेपूट दिलंत तर हीच अडचण येणार.

कथेत संगणक दाखवणार असाल तर बंद आणि चालू करण्याचे उंबरठे वेगळे ठेवा. समजा १,९०० ला बंद, तर परत चालू १,५०० ला. एकच आकडा ठेवला की यान त्या दाबावर रेंगाळताना थ्रस्टर सारखे लागत-विझत राहतात आणि इंधन फुकट जातं.

दाब मोजायचा कसा, हाही प्रश्न आहे. परतीच्या उष्णतेत पिटो नळी बाहेर ठेवता येत नाही. शटलची नळी ध्वनीच्या पाचपट वेगाच्या खाली आल्यावरच बाहेर निघे. त्याआधी यान किती जोरात मंदावतंय यावरून अंदाज बांधायचा.

रॉकेलवाला:
प्रश्न विचारला नाहीत, पण कथा इथेच अडेल म्हणून लिहितो. २२ टन भागिले १२ टन म्हणजे १.८३. केरोसीन आणि द्रव ऑक्सिजनवर, निर्वातात ३५० सेकंदांचा आवेगांक (इंधनाच्या कसाचं माप) धरला तरी, एवढ्यात वेगात भर पडते सेकंदाला सुमारे २ किमी. कक्षेत जायला गुरुत्वाचा आणि हवेचा खर्च धरून ९.४ किमी लागतात. म्हणजे १२ टनांच्या यानाला धावपट्टीवरच १८० टनांच्या पुढे जावं लागेल.

हायड्रोजन घ्या म्हणाल, तर तो प्रति घनमीटर फक्त ७१ किलो. २५ किमीपर्यंत हवा पिणाऱ्या इंजिनाने ध्वनीच्या पाचपट वेग गाठून दिला, तरी पुढे हायड्रोजन आणि द्रव ऑक्सिजन मिळून ५४ टनांच्या आसपास आणि त्यांना १५० घनमीटर टाक्या. तो ससाणा राहत नाही, देवमासा होतो!

दोन प्रामाणिक वाटा आहेत. एक, कक्षा सोडा, फक्त उसळी मारा. अमेरिकेचं एक्स-१५ हे रॉकेट-विमान बी-५२ बॉम्बफेकी विमानाच्या पंखाखालून सुमारे १३.७ किमीवर सोडत आणि २२ ऑगस्ट १९६३ ला ते १०७.९६ किमीपर्यंत गेलं. सुटताना वजन साधारण १५ टन, तुमच्या यानाच्या पंगतीतलंच. दोन, ससाण्याला मोठ्या रॉकेटवर बसवून वर न्या आणि त्याचं स्वतःचं इंधन लढायला राखा. मी असतो तर दुसरी घेतली असती. धावपट्टीवरची उड्डाणाची झोकदार सुरुवात जाते, पण उतरणं तरी ओझरला ठेवता येतं.

तिरपागडे:
दुसरा प्रश्न. गणित करून बघा. २० टनांच्या, १८ मीटर लांब यानाचं पिचमधलं जडत्व ३ लाख किलो-वर्गमीटर धरू. नाकाला आणि शेपटीला मध्यापासून ७ मीटरवर १,००० न्यूटनचा एकेक थ्रस्टर, उलट दिशांना. अर्धा वेळ फिरवायला, अर्धा थांबवायला. पूर्ण १८० अंशांना सुमारे १६ सेकंद आणि हायड्रोजन पेरॉक्साइड असेल तर २२ किलो खर्च. थ्रस्टर चौपट केले, ४,००० न्यूटनचे, तर वेळ निम्मा, ८ सेकंद. इंधन दुप्पट, ४५ किलो. एका सेकंदाचं नाव काढू नका. आणि उलटं फिरल्याने दिशा बदलत नाही हे वैमानिकाला माहीत हवं: नाक मागे, यान मात्र आधीच्याच वाटेने चाललेलं.

इंधन कुठलं, यावर तळावरचे प्रसंग ठरतील. हायड्राझिन जातीचं इंधन ताकदवान, पण विषारी. यान उतरल्यावर बंद पोशाखातली माणसं गळती तपासेपर्यंत बाकीच्यांनी लांब थांबायचं. दहा मिनिटांत पुन्हा उड्डाण वगैरे विसरा. एक्स-१५ ला ९० टक्के पेरॉक्साइड होतं. ते चांदीच्या जाळीवर पडलं की सातशे अंशांपुढची वाफ होते. विषारी धूर नाही, पण टाकीत गंज किंवा तेलाचा अंश गेला तर ते आतच विघटन पावायला लागतं, तापमान चढतं, त्याने विघटन आणखी वाढतं. म्हणून टाकीला सुटका-झडप हवीच, आणि टाकीचं तापमान वैमानिकासमोर हवं. कथेतली गडबड शोधत असाल तर ही घ्या, क्षेपणास्त्रापेक्षा खरी वाटेल.

अभ्रबाण:
गडबडीचा विषय निघालाय तर हेही. एक्स-१५ मध्ये आधी थ्रस्टरला डाव्या हाताचा वेगळा दांडा होता. तिसऱ्या विमानात संगणकच दोन्ही ताबे एकत्र करी. १५ नोव्हेंबर १९६७ ला मायकेल अ‍ॅडम्स ते उडवत असताना प्रयोगाच्या उपकरणामुळे विजेत व्यत्यय आला. विमान वाटेपासून तिरकं होत गेलं आणि दर्शकावरचा काटा चुकीच्या अर्थाने, रोलचा असताना तिरकेपणाचा समजून, वाचला गेला. ध्वनीच्या पाचपट वेगात ते गिरकीत सापडलं. गिरकी सुटली, पण ताबायंत्रणेची आंदोलनं थांबेनात आणि विमान हवेतच मोडलं. एकाच काट्याला दोन कामं दिली की काय होतं ते यात आहे.

कथाकुतूहल:
रॉकेटवरून वर न्यायचं नक्की केलं. मग पंख फक्त उतरण्यापुरतेच?

रॉकेलवाला:
नाही, इथेच ते पैसे वसूल करतात. कक्षेचं प्रतल (कक्षा ज्या सपाटीत फिरते ती) नुसत्या इंजिनाने १० अंश वळवायला सेकंदाला १.३६ किमी लागतात, म्हणजे केरोसीनवर यानाच्या वस्तुमानाचा तिसरा हिस्सा. त्याऐवजी वातावरणात बुडी मारून पंख आडवा करा आणि उचलबळाने वळा. उचल आणि रोध यांचं गुणोत्तर २ असेल तर आदर्श गणितात वेग ८ ते ९ टक्के जातो, साधारण ०.६५ किमी. बुडी आणि परत वर येण्याचा खर्च धरूनही इंजिनापेक्षा स्वस्त. २० अंशांना फरक आणखी वाढतो. किंमत उष्णतेत मोजायची: पंखांच्या कडा तापतात, आणि आयनांच्या आवरणामुळे रेडिओ मुका होतो. शत्रूला पंख नसतील तर तो मागे येऊ शकत नाही. तुमचा पाठलाग इथे ठेवा.

तिरपागडे:
तोफेचं राहिलं. सुखोई-३० एमकेआयवरची ३० मिमी तोफ धरा, ते विमानही ओझरच्याच कारखान्यात जोडलेलं. गोळा ०.३९ किलो, वेग सेकंदाला ८७० मीटर, सेकंदाला २५ गोळे म्हणजे ८,५०० न्यूटन धक्का, वायूंचा वेगळा. तोफ मध्यरेषेपासून १ मीटर बाजूला असेल तर यान यॉमध्ये ८,५०० न्यूटन-मीटरने फिरू लागतं. वरच्या छोट्या थ्रस्टरच्या जोडीची निम्म्याहून जास्त ताकद ते सावरण्यात जाईल. तोफ मध्यरेषेवर बसवा. बारूद ऑक्सिजन स्वतःसोबत आणते, निर्वातात ती उडते. नळी थंड करायला मात्र वारा नाही, तेव्हा छोट्या फैरी झाडा आणि मध्ये थांबा.

४०० किमीवरून पुढे झाडलेला, चुकलेला गोळा सुमारे ४,७०० किमी उंच जाऊन सुमारे २ तास २० मिनिटांनी त्याच बिंदूपाशी परत येतो. मागे झाडलेला वातावरणात शिरून जातो. उलटं फिरून मागे झाडणं म्हणूनच जास्त शहाणपणाचं, फक्त आठ सेकंद आधी ठरवावं लागतं.