आमचा व्योम

परवा कुणीतरी विचारलं, हसू येतं म्हणून मालिका बघणं हे आवडणं झालं का? झालं की! १९९८ साली आमच्या बेळगावातल्या शहापुरात दूरदर्शनवर 'कॅप्टन व्योम' ही अंतराळातली मालिका बघायचो. नायक मिलिंद सोमण, गोष्टीतलं साल २१२३, आणि पकडायचे निसटलेले बारा कैदी. भाऊ कौलांवर चढून अँटेना फिरवायचा, मी खिडकीतून ओरडायचो, "आलं, आलं... गेलं!" यान उडालं की पडद्यावर नेमक्या मुंग्या. आजी म्हणायची, "काय बघालायस रे हे, डबं उडवालेत नुसतं!" ग्राफिक्स होतीच तशी केविलवाणी. तरी परवा बायको झोपल्यावर आवाज बारीक करून ओळीने तीन भाग बघितले. चौथ्याला तीच उठून आली. "सरका," म्हणाली आणि कुंद्याची, म्हणजे आमच्याकडच्या खव्याच्या मिठाईची, वाटी घेऊन शेजारी बसली.