मूल म्हणतं "आजी दिसते": मानसतज्ज्ञानं दुजोरा द्यावा का?

शाळा_समुपदेशन:
नऊ-दहा वर्षांचं मूल सांगतं, "वारलेली आजी रात्री उशाशी येऊन बसते." काही मानसतज्ज्ञ त्यावर "आजीचा आत्मा खरंच येतो, तुला ती शक्ती आहे" असं सांगतात. मूल तेवढ्यापुरतं शांत होतं. हे व्यवसायाच्या नीतीत बसतं का? नसेल, तर मुलाला खोटं न पाडता बोलायचं काय?

मंजिरी_क्लिनिकल:
अजिबात बसत नाही. अनुभव मुलाचा आहे, तो मान्य करा. आत्मा येतो याला दुजोरा देऊ नका. "आजी दिसली तेव्हा भीती वाटली की बरं वाटलं?" इथून सुरुवात करा. मग विचारा: झोप लागताना दिसते की जाग येताना? तेव्हा अंग हलवता येत नव्हतं का? तसं असेल तर बहुधा स्लीप पॅरालिसिस, म्हणजे जाग असूनही थोडा वेळ अंग न हलणं. झोपेत तोंड वाकडं होत असेल, हातपाय झटकत असतील, तर आधी मुलांचे न्यूरॉलॉजिस्ट (मेंदूविकारतज्ज्ञ) आणि ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींची तपासणी). आवाज हुकूम सोडत असेल तर मानसोपचारतज्ज्ञ, लगेच. जवळचं माणूस गेल्यावर ते दिसणं पुष्कळांना होतं, एवढ्यावरून तो आजार ठरत नाही.

"शक्ती आहे" म्हटलं की मूल रात्री वाट बघत जागतं, आणि झोप मोडली की भास वाढतात. त्याहून घातक म्हणजे, "भूत अंगावर येतं" यामागे घरातलाच माणूस असू शकतो. भुतावर शिक्कामोर्तब केलंत की तो सुटला. लैंगिक अत्याचाराची नुसती शंका आली तरी पॉक्सो (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा) कलम 19 नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. खात्री करत बसू नका.

शाळा_समुपदेशन:
घरचे अंगारा लावतात, त्याचं काय?

मंजिरी_क्लिनिकल:
लावू द्या, वाद घालू नका. फक्त तुम्ही त्याला उपचार म्हणू नका, आणि त्यापायी तपासणी लांबू देऊ नका. मारहाण, धुरी, उपास मात्र तिथल्या तिथे थांबवायचे.

वकील_सातारा:
त्यासाठी महाराष्ट्राचा 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. मात्र नुसत्या दुजोऱ्याला तो लागेलच असं नाही. दुजोरा देणारा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर आरसीआयचा (भारतीय पुनर्वसन परिषदेचा) नोंदणी क्रमांक मागा, तक्रार तिकडेच करा. "समुपदेशक" अशी पाटी लावायला ती नोंदणी लागत नाही. तिथे संस्थाचालकांना लेखी द्या. मुलाला काय सांगितलं गेलं ते वाक्य जसंच्या तसं, तारखेसह लिहा. पण त्यासाठी मुलाला पुन्हा पुन्हा विचारू नका, आपले शब्द त्याच्या तोंडी बसतात.