भटकी कुत्री मारून रेबीज थांबेल का?

रानवाट
कुत्रं चावल्याची बातमी आली की ‘सगळी मारून टाका’ ही मागणी होतेच. राग समजतो, पण मागणी मला चुकीची वाटते. रेबीजने जगात दरवर्षी अंदाजे ५९,००० माणसं जातात, आणि त्यातल्या ९९ टक्के लोकांना तो कुत्र्यांकडून होतो. म्हणजे साखळी कुत्र्यांतच तोडायला हवी. ती तुटते लशीने. वस्तीतल्या साधारण ७० टक्के कुत्र्यांना लस मिळाली की विषाणूला पुढचं कुत्रं सापडेनासं होतं. मेक्सिकोने १९९० च्या दशकापासून कुत्र्यांना फुकट लस टोचली. २०१९ मध्ये, कुत्र्यांमुळे माणसांना होणारा रेबीज तिथून गेला यावर जागतिक आरोग्य संघटनेने शिक्कामोर्तब केलं.

आश्लेषा
लस दिलेलं कुत्रं चावत नाही का? माझ्या मुलीची पोटरी फोडली तेव्हा ती सहा वर्षांची होती. पंधरा मिनिटं नळाखाली साबणाने जखम धुतली, ती हात झटकत ओरडत होती. नंतर जखमेच्या कडेकडेने इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे रेबीजविरुद्धची तयार प्रतिपिंडं, टोचताना तिला दोघांनी धरलं होतं. अजून ती कुत्रं दिसलं की रस्ता बदलते. ७० टक्क्यांचा हिशोब तिला कसा सांगू? मारा म्हणत नाही, पण उचलून निवाऱ्यात ठेवा.

रानवाट
ताई, वाचून पोटात कालवलं. तरी सांगतो, सरसकट उचललं तर लस घेतलेलीही जातात. रिकाम्या जागी बाहेरून नवी येतात, पिल्लं वाढतात, आणि ती सगळी बिनलशीची. इंडोनेशियात फ्लोरेस बेटावर १९९७ मध्ये रेबीज शिरला, तेव्हा हजारो कुत्री मारली. रेबीज तिथेच राहिला.

जुना वाचक
माझा दोघांनाही विरोध. आधी चावलेल्या माणसाला लस वेळेवर मिळू दे, कुत्र्यांचं नंतर बघू. लक्षणं दिसल्यावर माणूस जवळपास वाचतच नाही. लक्षणं यायला बहुतेकदा एक ते तीन महिने जातात, तेवढ्या काळात लस हाताशी असायलाच हवी.

कोरा कागद
हवीच. पण कुत्र्यांत रोग आहे तोवर चावलेल्यांची रांग संपणार नाही, दरवर्षी तेवढाच खर्च. मी लसीकरण मोहिमेत जाळी घेऊन फिरलोय. टोचलं की डोक्यावर रंगाचा पट्टा ओढायचा, दुसऱ्या दिवशी पायी हिंडून रंगाची किती, बिनरंगाची किती ते मोजायचं. जाळी बघून पळणारी तीच ती कुत्री राहून जातात, आणि दमलेली माणसं तिथेच ‘झालं’ म्हणून घरी जातात. खरी गळती ही आहे. नसबंदी करावी, संख्या हळूहळू घटते, पण लस तिच्यासाठी थांबवू नका. आणि रानवाट, आश्लेषाताईंचा एक मुद्दा तुम्ही सोडून दिलात. रेबीज नसलेला चावाही चावाच असतो. पुन्हा पुन्हा अंगावर येणारं कुत्रं वस्तीत ठेवणं मला पटत नाही.

रानवाट
मान्य. तेवढं एक कुत्रं उचलायला माझी हरकत नाही.

आश्लेषा
मग मोजणीचा आकडा वस्तीत फलकावर लावा. किती टोचली, किती सुटली. चावरं कुत्रं उचलायला कोणाला फोन करायचा, तेही लिहा. ते दिसेपर्यंत माझं मत बदलणार नाही.