पावसाळ्यानंतर ४० एचपी आउटबोर्ड रेस घेत नाही. ई२० चा (२० टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलचा) दोष? इथेनॉल नसलेलं पेट्रोल परवडतं का?

खाडीवाला_देवबाग

नमस्कार मंडळी. देवबागला माझी फायबरची होडी आहे, डॉल्फिन आणि संगमाच्या फेऱ्या मारतो. मशीन ४० एचपी, जपानी, टू-स्ट्रोक, तेल हाताने मिसळायचं. मेअखेरीस होडी वर ओढली, मशीन उतरवून पडवीत स्टँडला लावलं. सप्टेंबरात परत चढवलं तर स्लोला झकास चालतं, रेस दिली की घुसमटतं आणि बंद. प्रायमरचा फुगा (नळीतला, हाताने पेट्रोल चढवायचा) दाबत राहिलं तर तेवढ्यापुरतं ओढतं. प्लग नवीन टाकले, फिल्टर नवीन टाकला, फरक शून्य.

वाडीत सगळ्यांचं एकच, "इथेनॉलने खाल्लं." भाचा पुण्याला असतो, तो सांगतो तिकडे १०० ऑक्टेनचं एक्सपी१०० मिळतं, त्यात इथेनॉल नसतं. पण लिटरला दीडशेच्या वर पडतं, आणि हे मशीन फुल रेसला तासाला पंधरा-सोळा लिटर पितं. मग पर्यटकाकडून घ्यायचं किती? दुसरं, पंपावरचं पेट्रोल पाण्याने धुऊन इथेनॉल काढायचे व्हिडिओ फिरतायत. कोणी केलंय का?

माड_आणि_माती

माझ्या ग्रास कटराची पण तीच गत. गणपतीआधी परडा साफ करूक बाहेर काढलंय, दोरी ओढून ओढून खांदो गेलो. शेवटी मिस्त्रीन कार्बोरेटराचो डायफ्राम (रबराचो पातळ पडदो) बदलल्यान, वाळून कडक झालेलो. इथेनॉल नको म्हणून सांगतलास, तरी ऐकतलो कोण?

नाटे_मिस्त्री

ऐकणार कोणी नाही. बिनइथेनॉलचं पेट्रोलही पंपावर ठेवा म्हणून याचिका झाली होती, सुप्रीम कोर्टाने सप्टेंबर २०२५ मध्ये फेटाळली. तेव्हा आहे त्या पेट्रोलवर मशीन कसं टिकवायचं ते बघू.

खाडीवाला, फुगा दाबल्यावर ओढतं म्हणजे जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं बारीक भोक) साफ आहे, पेट्रोलच वर पोचत नाही. स्लोला थोडं लागतं म्हणून भागतं. आधी टाकीच्या झाकणाचा हवेचा स्क्रू उघडा आहे ना बघा. (हसू नका, निम्मी गिऱ्हाइकं तिथेच परत पाठवतो.) मग फ्युएल पंप उघडा. डायफ्राम बोटाने वाकवून बघा, मऊ हवा. कडक किंवा सुरकुतलेला असेल तर पूर्ण किटच बदला. तरीही तेच असेल तर टाकीपासून मशीनपर्यंतची नळी काढून ब्लेडने उभी चिरा. बाहेरून नवीकोरी दिसते, पण आतलं अस्तर सुटून लोंबत असतं. रेस दिली, पंपाने जोरात ओढलं की ते अस्तर आडवं येतं आणि रस्ता बंद. अशा दोन नळ्या माझ्या टेबलावर पडून आहेत. अस्तर सुटतं ते इथेनॉलनेच, कारण जुन्या नळीचं रबर त्यासाठी बनवलेलं नाही. नवी घेताना इथेनॉलला चालणारी मागा.

आता इथेनॉलबद्दल. त्याच्या वजनात पस्तीसेक टक्के ऑक्सिजन असतो. नव्या गाडीत सेन्सर असतो, ती पेट्रोल वाढवून घेते. आपल्या कार्बोरेटरला डोकं नाही, जेटच्या भोकातून जाईल तेवढंच जातं, मग मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी, आणि मशीन तापतं. बहुतेक आउटबोर्डच्या पुस्तकात १० टक्क्यांपर्यंतच परवानगी आहे आणि पंपावर २० मिळतंय. म्हणून मी प्लगचा रंग बघतो. चॉकलेटी असेल तर हात लावत नाही, पांढरट असेल तर मेन जेट एक नंबर मोठा लावतो.

पण खरा घात चालताना होत नाही, मशीन उभं असताना होतो. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि आपल्याकडे जून ते ऑगस्ट हवा म्हणजे पाणीच. मर्यादेपेक्षा जास्त पाणी झालं की इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्याबरोबर तळाला बसतं. टू-स्ट्रोकला हे जास्त वाईट, कारण आपण मिसळतो ते 2टी तेल वरच्या पेट्रोलमध्येच राहतं. टाकीतली नळी तळातून ओढते, म्हणजे पिस्टनला बिनतेलाचं पाणीमिश्रित इथेनॉल. सुरू झालंच तर जाम व्हायला किती वेळ? कार्बोरेटरच्या वाटीत तर अॅल्युमिनियमला खाऊन पांढरी पूड धरते, भिजलेल्या रांगोळीसारखी.

त्यामुळे १०० ऑक्टेन हंगामभर जाळू नका. जादा ऑक्टेनचा तुमच्या मशीनला काही उपयोग नाही, तुम्हाला हवंय ते फक्त त्यात इथेनॉल नसणं. मेमध्ये शेवटच्या फेरीनंतर ते १०० वालं पेट्रोल एक-दोन लिटर घ्या, नेहमीसारखं तेल मिसळून मशीनमधून फिरवा, म्हणजे नळीत, पंपात, वाटीत तेच राहील. मग नळी काढा, मशीन गार राहायला पाणी लावून स्लोला बंद पडेपर्यंत चालू द्या, आणि वाटीखालचा स्क्रू उघडून उरलेलं सांडा. जितके कार्बोरेटर तितके स्क्रू, एकही विसरू नका. प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडं 2टी तेल सोडा, हाताने दोन-चार फेरे मारा. आमच्याकडे मच्छीमारांची बंदी १ जून ते ३१ जुलै असते, त्यांनाही मी हेच करून देतो. १०० मिळालं नाही तर निदान रिकामं करा, त्यातच बारा आणे काम होतं. मात्र ९५ वालं प्रिमियम त्या नावाखाली घेऊ नका, महाग म्हणजे इथेनॉल नाही असं नसतं. आणि भाच्याला कॅन ट्रॅव्हल्सने पाठवायला सांगू नका, बसला आग लागायची.

पाण्याने धुणं साफ नको. इथेनॉल गेलं की ऑक्टेनही उतरतो, पेट्रोलमध्ये ओल राहते, आणि घरात पेट्रोल ढवळत बसणं हा शहाणपणा नाही.

ऊसवाला_कागल

मिस्त्री, नळीचं मान्य. पण इथेनॉलला किती शिव्या घालाल? त्याच्यामुळे आमच्या कारखान्याची बिलं जरा वेळेवर यायला लागली. माझी बाइक रोज ई२० वर पळते, काही झालं नाही.

नाटे_मिस्त्री

रोज पळते म्हणूनच काही झालं नाही. तीच बाइक चार महिने पडवीत लावा आणि मग बोला.

टँपावासी

इथे फ्लोरिडात साधं पेट्रोल ई१० असतं. बोटवाल्यांसाठी रेक-९० नावाचं बिनइथेनॉलचं वेगळं मिळतं, बरंच महाग. ई१५ च्या पंपावर स्टिकरच असतो की बोट, मोटरसायकल, गवत कापायच्या मशीनमध्ये भरू नका. कायद्यानेच मनाई आहे. तरी माझ्या मरीनावाल्याचा सल्ला मिस्त्रींसारखाच: चालवताना ई१०, ठेवताना रेक-९०. शिवाय टाकी आणि मशीनच्या मध्ये पाणी वेगळं करणारा १० मायक्रॉनचा फिल्टर. खाली पारदर्शक वाटी असलेला घेतला तर पाणी जमलेलं डोळ्यांनी दिसतं.

खाडीवाला_देवबाग

नळी चिरली. अस्तर सुटलेलं निघालं, जीभ बाहेर काढावी तसं. नवी नळी आणि पंपाचं किट मागवलंय. मिस्त्री, टाकीत मेचं आठ-नऊ लिटर तेल मिसळलेलं पेट्रोल आहे, त्याचं काय करू?

नाटे_मिस्त्री

काचेच्या बरणीत तळातलं थोडं काढून रात्रभर ठेवा. खाली वेगळा थर दिसला तर कशातच घालू नका, आणि खाडीत तर मुळीच ओतू नका; गॅरेजवाल्याला द्या, तो सुटे भाग धुवायला वापरेल. थर नसेल तर नव्या पेट्रोलमध्ये थोडं थोडं मिसळून होडीतच संपवा, तेलाचं प्रमाण नव्यापुरतं धरा. स्कूटरमध्ये नको, ती फोर-स्ट्रोक आहे, तेलाने प्लग काळा होईल.